बाबांचा एक्स-रे नॉर्मल आला, मग सीटी कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे, सक्करदऱ्याला राहतात, तीस वर्षांपासून सिगरेट, "रोज एक पाकीट, कधी दीड". खोकला नाही, वजन उतरलेलं नाही. मागच्या महिन्यात छातीचा एक्स-रे काढला, नॉर्मल आला. आता कुणीतरी सांगितलं की कमी रेडिएशनचा सीटी असतो, त्यात फुप्फुसाचा कॅन्सर लवकर सापडतो, तर तो करायचा की उगाच भीती विकत घ्यायची? आणि बाबांचं म्हणणं, "मले काय झालं? मी तं ठणठणीत आहो."

बावीस वर्षं झाली मी नागपुरात छातीचे पेशंट बघतोय, आधी सरकारी दवाखान्यात, नंतर धंतोलीत, आणि हे "मी ठणठणीत आहो" वाक्य आठवड्यातून चार वेळा तरी ऐकतो. नुसतं "करून घ्या" म्हटलं तर अर्धंच उत्तर होईल म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी बाबांच्या वाक्याबद्दल. ते खोटं बोलत नाहीयेत, त्यांना खरंच काही होत नाहीये. फुप्फुसाच्या आतल्या भागाला दुखण्याची जाणीवच नसते. बोटाला काटा टोचला तर लगेच कळतं पण फुप्फुसात हरभऱ्याएवढी गाठ वर्षभर बसली तरी पत्ता लागत नाही. दुखायला लागतं ते गाठ वाढत वाढत वरच्या आवरणाला किंवा बरगडीला जाऊन भिडली की, रक्त पडतं ते श्वासनळीत घुसली की, आवाज बसतो ते छातीतली नस दाबली गेली की. आणि तोवर बहुतेक वेळा ऑपरेशनची वेळ निघून गेलेली असते. माझ्याकडे येणारे फुप्फुसाच्या कॅन्सरचे बहुसंख्य पेशंट तिसऱ्या चौथ्या स्टेजलाच येतात, आणि त्यातले कितीतरी जण सहा महिन्यांपूर्वीपर्यंत रोज सकाळी फुटाळ्याला फिरायला जाणारे असतात.

आता एक्स-रे. एक्स-रे म्हणजे छातीतल्या सगळ्या गोष्टी एकावर एक ठेवून काढलेली एक सावली. हृदयाच्या मागे, गळ्याच्या हाडामागे, पडद्याच्या खाली फुप्फुसाचा बराच भाग लपलेला असतो, आणि एक सेंटीमीटरच्या आतली गाठ तर उघड्या जागेत असली तरी सहज सुटून जाते. हे फक्त माझं मत नाही. अमेरिकेत जवळपास दीड लाख लोकांवर मोठा अभ्यास झाला, अर्ध्या लोकांना दरवर्षी एक्स-रे, अर्ध्यांना नेहमीसारखं, आणि २०११ मध्ये निकाल आला की दरवर्षी एक्स-रे काढून फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून तुमच्या हातातला तो नॉर्मल एक्स-रे चांगलाच आहे, पण "बाबांना कॅन्सर नाही" असं तो सांगत नाही. टीबी, न्यूमोनिया, पाणी भरणं यासाठी एक्स-रे उत्तम, या कामासाठी नाही.

सीटीचं मात्र वेगळं आहे. २०११ मध्येच अमेरिकेच्या एनएलएसटी ट्रायलचा निकाल आला. ५३,४५४ लोक, वय ५५ ते ७४, सगळे भरपूर सिगरेट ओढणारे किंवा मागच्या १५ वर्षांत सोडलेले. निम्म्यांना तीन वर्षं दरवर्षी कमी डोसचा सीटी, निम्म्यांना एक्स-रे. सीटीवाल्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्के कमी झाले. मग २०२० मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या नेल्सन ट्रायलचा दहा वर्षांचा निकाल आला, त्यात पुरुषांमध्ये २४ टक्के कमी, बायकांमध्ये त्याहून जास्त, पण बायका संख्येने थोड्या होत्या. वेगवेगळे देश, दोन वेगळ्या पद्धती, आणि उत्तर एकाच दिशेने, त्यामुळे मला याबद्दल शंका उरलेली नाही. पण २० टक्के म्हटलं की लोकांना फार मोठं वाटतं म्हणून दुसऱ्या बाजूनेही सांगतो. एनएलएसटीच्या हिशेबाने असे ३२० लोक तपासले तेव्हा एक जीव वाचला. बाकी ३१९ लोकांपैकी काहींना निष्कारण काळजी, काहींना जास्तीच्या तपासण्या. ज्याचा वाचला त्याच्यासाठी सगळंच, पण हे दोन्ही आकडे एकत्र डोक्यात ठेवूनच मी पेशंटशी बोलतो.

आता तुमच्या बाबांचा हिशेब, आणि इथे एक गोष्ट मी सगळ्यात आधी विचारली असती. पाकीट म्हणजे कितीचं पाकीट? अमेरिकेत पाकीट २० सिगरेटींचं धरतात. रोज २० सिगरेटी एक वर्ष ओढल्या म्हणजे एक पॅक-इयर. आपल्याकडे पानठेल्यावर दहाचं पाकीट सर्रास चालतं. दहाचं असेल तर तीस वर्षांचे फक्त १५ पॅक-इयर होतात, वीसचं असेल तर ३०. एवढा फरक पडतो एका शब्दात! आणि बरेच लोक पाकीट घेतच नाहीत, सुट्या सिगरेटीच घेतात, दुपारी दोन, चहासोबत एक, रात्री जेवून एक, त्यामुळे त्यांना विचारलं तर "पाच सहा" सांगतात आणि बायको मागून हातानेच दहा दाखवते. म्हणून घरी शांतपणे बसून दिवसभराचा हिशेब काढा, कुठे कुठे ओढतात ते, सकाळपासून रात्रीपर्यंत, आणि मधल्या काळात कमी जास्त कधी होतं तेही.

अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०२१ पासून मर्यादा खाली आणली, वय ५० ते ८०, २० पॅक-इयर किंवा जास्त, आणि अजून ओढतात किंवा सोडून १५ वर्षं झालेली नाहीत. बाबांचं पाकीट वीसचं निघालं तर ते आरामात यात बसतात. दहाचं निघालं, पण "कधी दीड" हेच जास्त वर्षं चाललेलं असेल, तर २० च्या आसपास पोचतात, मग बाकीच्या गोष्टी बघून ठरवायचं, घरात कुणाला फुप्फुसाचा कॅन्सर झाला होता का, दमा किंवा सीओपीडी म्हणजे धुराने होणारा जुनाट दम्यासारखा आजार आहे का, खाणीत, सिमेंट पत्र्याच्या कारखान्यात, दगड फोडायच्या कामात किती वर्षं घालवली. आपल्या भागात हे विचारावंच लागतं, मनसर कांद्रीला मँगनीजच्या खाणी, तिकडे चंद्रपूर वणीला कोळसा.

बिडीचं काय असं लगेच कुणीतरी विचारेल, कारण गोंदिया भंडाऱ्याकडे तेंदूपत्ता आणि बिडी म्हणजे घरचंच. लोकांची समजूत अशी की बिडी छोटी, तंबाखू थोडी, त्यामुळे त्रास कमी. तंबाखू थोडी असते हे खरं. पण पानातून हवा जात नाही म्हणून जोरात ओढावी लागते, आणि सारखी ओढत नाही राहिलं तर विझते म्हणून वारंवार ओढावी लागते, त्यामुळे आत जाणारा टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटपेक्षा कमी नसतो. बिडीसाठी पॅक-इयरचं असं ठरलेलं कोष्टक नाही, परदेशातल्या ट्रायलमध्ये बिडीवाले नव्हतेच. मी स्वतः एक बिडी म्हणजे एक सिगरेट धरतो. आपल्याकडचे बरेच डॉक्टर सरळ दिवसाच्या बिड्या गुणिले वर्षं असा आकडा काढतात आणि तो ३०० च्या वर गेला की जास्त ओढणारा समजतात. रोज २० बिड्या आणि ३० वर्षं म्हणजे ६००. माझ्यासाठी तो माणूस सिगरेटवाल्याइतकाच धोक्यात.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना घोटून खातात तो. नागपूरच्या माणसाला तंबाखूबद्दल काही सांगायचं आणि खर्ऱ्याबद्दल बोलायचं नाही हे होऊच शकत नाही. जो फक्त खर्रा खातो, धूर ओढत नाही, त्याला या सीटीचा उपयोग नाही. त्याचा धोका तोंडात आहे. त्याची तपासणी आरशासमोर तोंड उघडून होते, उजेडात, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम, तोंड पूर्ण न उघडणं, तीन बोटं उभी न जाणं. हे दिसलं की दाताच्या किंवा कान नाक घशाच्या डॉक्टरकडे जायचं. सरकारी कार्यक्रमात तिशीच्या पुढे तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आहे, फुप्फुसाची नाही, त्यामुळे फुप्फुसाचा सीटी सध्या आपला आपणच ठरवून करावा लागतो. तुमचे बाबा दोन्ही घेत असतील तर दोन्ही तपासण्या करा.

तपासणी अगदी सोपी आहे. उपाशी राहायची गरज नाही, सुई नाही, इंजेक्शन नाही, औषध पाजत नाहीत. टेबलावर उताणं झोपायचं, हात डोक्याच्या वर, एक श्वास घेऊन रोखायचा, दहा सेकंदांच्या आत फोटो निघतो. गळ्यातली साखळी, बनियनच्या खिशातली नाणी काढून ठेवा एवढंच. ताप, ताजा खोकला, न्यूमोनिया असेल तर करू नका, बरं होऊन दोन अडीच महिने जाऊ द्या, नाहीतर इन्फेक्शनचे डाग दिसतील आणि सगळे घाबरून जातील.

रेडिएशन. साध्या छातीच्या सीटीत साधारण ७ मिलिसीव्हर्ट जातं, लो डोसमध्ये दीडच्या आसपास. जमिनीतून, आकाशातून, खाण्यापिण्यातून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट तसंही मिळतच असतं, म्हणजे एका लो डोस सीटीत सात आठ महिन्यांचं नैसर्गिक रेडिएशन. ५८ वर्षांच्या, तीस वर्षं ओढलेल्या माणसाला हा धोका परवडतो. पस्तिशीच्या पोराला परवडत नाही कारण त्याला फायदा जवळपास शून्य. पण इथे एक अडचण आहे जी मी खूपदा बघतो. चिठ्ठीवर "लो डोस सीटी चेस्ट, कॉन्ट्रास्ट नको, कॅन्सर स्क्रीनिंगसाठी" असं लिहून दिलं तरी सेंटरवर सवयीने नेहमीच्या डोसवर एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारीक कापांचा सीटी, काढून देतात, कारण कोविडपासून सगळ्यांच्या तोंडात एचआरसीटीच बसलंय. फोटो चांगलाच येतो, पण रेडिएशन चार पाच पट. तुम्ही तिथेच विचारा, लो डोसचा प्रोटोकॉल आहे का. स्कॅन झाला की डोसचं एक पान निघतं, त्यात सीटीडीआय-व्हॉल नावाचा आकडा असतो, मध्यम बांध्याच्या माणसात तो ३ मिलिग्रेच्या आत हवा. आणि नुसत्या फिल्म घेऊन येऊ नका, सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागा, एक दीड मिलिमीटरच्या बारीक कापांचा. फिल्मवर गाठ मोजता येत नाही.

आता रिपोर्ट. मनाची तयारी खरं म्हणजे इथे करायची आहे, सीटीच्या टेबलावर काही नसतं. एनएलएसटीमध्ये तीन वर्षांत सीटीवाल्या १०० पैकी ३९ जणांना कधी ना कधी "काहीतरी दिसतंय" असा रिपोर्ट मिळाला, आणि अशा रिपोर्टपैकी ९६ टक्क्यांहून जास्त कॅन्सर निघाले नाहीत. ते अमेरिकेतलं. आपण टीबीच्या देशात राहतो. लहानपणी कधीतरी टीबीचा जंतू आत गेला, शरीराने त्याला तिथल्या तिथे गाडून टाकलं, त्यावर चुना (कॅल्शियम) बसला, आणि त्याचा ठिपका जन्मभर फुप्फुसात राहिला, असे ठिपके इथे कितीतरी लोकांत दिसतात. पन्नाशीच्या नागपूरकराच्या सीटीत एकही ठिपका नसला तर मलाच बरं वाटतं.

म्हणून ठिपका दिसला की पहिला प्रश्न किती मोठा. ज्वारीच्या दाण्याएवढा, चार मिलिमीटर, भरीव, तर घाबरायचं काही नाही, वर्षभराने परत सीटी. सहा ते आठ मिलिमीटर म्हणजे तुरीच्या दाण्याच्या आसपास, तर सहा महिन्यांनी. आठच्या पुढे, हरभऱ्याएवढा, तर तीन महिन्यांत परत बघायचं किंवा पेट स्कॅन, आणि पंधराच्या पुढे गेला तर वाट न बघता पुढच्या तपासण्या. रेडिओलॉजिस्ट हे लंग-रॅड्स नावाच्या पद्धतीने लिहितात, १, २, ३, ४ए, ४बी असं, रिपोर्टवर तो आकडा नसेल तर मागा. दुसरा प्रश्न आत चुना आहे का, मधोमध पांढराशुभ्र ठिपका असेल तर तो जुना, शांत. तिसरा, कड कशी आहे, गुळगुळीत की काटेरी, काटेरी कड आणि वरच्या भागात म्हटलं की माझे कान टवकारतात. आणि चौथा प्रश्न, सगळ्यात महत्त्वाचा, वाढतोय का.

हे वाढणं समजून घ्या. पाच मिलिमीटरचा ठिपका ६.३ मिलिमीटर झाला तर वाचताना वाटतं किरकोळ वाढला, मोजण्यातही चूक असू शकते. पण गोळ्याची रुंदी सव्वापट झाली की त्याचं आकारमान दुप्पट होतं. नेल्सनवाल्यांनी रुंदीऐवजी हेच आकारमान कॉम्प्युटरवर मोजलं, दुप्पट व्हायला ४०० दिवसांपेक्षा कमी लागले तर संशय, जास्त लागले तर थांबून बघू. या एका युक्तीने त्यांच्याकडे खोट्या संशयाचे लोक खूप कमी झाले, १०० पैकी दोघांनाच पुढे पाठवावं लागलं. माझ्या मते टीबीच्या देशात स्क्रीनिंग चालायचं असेल तर या धीरानेच चालेल, डाग दिसला की सुई घाला या पद्धतीने नाही.

इतवारीतले एक काकाजी आठवतात, आयुष्यभर गल्ल्यावर बसून बिडी. सीटीत डाव्या वरच्या भागात सात मिलिमीटरचा ठिपका. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच दवाखान्याच्या दारात उभा, "सर आजच बायोप्सी करा, आईले सांगितलं नाही अजून." मी त्याला समोर बसवलं आणि स्क्रीनवर दाखवलं की सुई घालायची तर या फुग्यासारख्या झालेल्या, बिडीने पोखरलेल्या फुप्फुसातून जावी लागेल. अशा बायोप्सीत साधारण सहा सात जणांमागे एकाच्या छातीत हवा सुटते, काहींना नळी टाकून ठेवावी लागते, आणि पोखरलेल्या फुप्फुसात हे जास्तच होतं. सहा महिने थांबायचं ठरलं. ते सहा महिने त्या घराने कसे काढले मला माहीत आहे, दर पंधरा दिवसांनी फोन यायचा. सहा महिन्यांनी ठिपका सातचा सातच. आज चौथं वर्ष, तेवढाच आहे.

आणि दुसरी बाजू. भंडाऱ्याकडची एक मावशी, नवरा ड्रायव्हर, ५५ चा, दिवसाला दोन कट्टे बिडी. एक्स-रेवर उजव्या बाजूला डाग. कुणीतरी टीबी समजून एकेटी म्हणजे टीबीच्या गोळ्या चालू केल्या, थुंकीत जंतू सापडला नव्हता, जीनएक्सपर्ट ही टीबीचा जंतू शोधायची तपासणी केलेली नव्हती, डाग आहे, खोकला आहे, वजन उतरलंय, म्हणजे टीबीच. दोन महिन्यांनी डाग तेवढाच, मग "अजून चार महिने घ्या". आठव्या महिन्यात माझ्याकडे आले तेव्हा गाठ श्वासनळीला वेढून बसली होती आणि यकृतातही पोचली होती. ती मावशी मला विचारत होती, "आठ महिने गोळ्या घेतल्या ना साहेब, एक दिस नाई चुकवला." माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं, आजही नाही. असे पेशंट मी एक दोन नाही, बरेच पाहिले. म्हणून हात जोडून सांगतो, ओढणाऱ्या माणसाला टीबीचं औषध चालू झालं आणि जंतू सापडलेला नसेल, तर दोन महिन्यांनी एक्स-रे परत काढा, डाग कमी झाला नसेल तर तिथेच थांबून सीटी आणि गरज पडली तर दुर्बिणीची तपासणी मागा. टीबी सिद्ध झाला असेल तर मात्र औषध एक दिवसही चुकवू नका. एकाच माणसात दोन्ही आजार असलेलेही मी पाहिलेत.

यात आणखी एक गोष्ट येते. खोकल्यातून रक्त, तीन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, नेहमीचा सकाळचा खोकला पण त्याचा सूर बदललेला, बसलेला आवाज, उतरलेलं वजन, बोटांची टोकं फुगून गोल होणं, एकाच खांद्यातलं न थांबणारं दुखणं, यातलं काही असेल तर हे स्क्रीनिंग नाहीच. स्क्रीनिंग फक्त काहीही त्रास नसलेल्या माणसासाठी असतं. त्रास असेल तर सरळ डॉक्टरकडे जा आणि पूर्ण डोसचा, इंजेक्शन देऊन केलेला सीटी करा, कॅम्पची वाट बघू नका.

आणि कुणाचा करू नये. ज्याला घरी ऑक्सिजन लागतो, दोन पायऱ्या चढल्या की दम लागतो, ज्याचं हृदय फुप्फुसाचं ऑपरेशन सहन करणार नाही, त्याचा स्क्रीनिंग सीटी करून हाती फक्त वाईट बातमी येईल. लवकर सापडलेल्या गाठीचा फायदा ती काढता आली तरच. आता ऑपरेशन दुर्बिणीतूनही होतं आणि दोन सेंटीमीटरच्या आतल्या गाठीला पूर्ण कप्पा न काढता त्याचा छोटा भाग काढला तरी चालतं हे २०२२ आणि २०२३ च्या मोठ्या ट्रायल्सनी दाखवलंय, म्हणजे फुप्फुस जास्त वाचतं. तरीही भूल आहे, छाती उघडणं आहे. म्हणून सीटीच्या आधी मी फुंकायची तपासणी म्हणजे पीएफटी करून घेतो, आणि पेशंटला सरळ विचारतो, गाठ सापडली तर ऑपरेशन करणार का? "नाई करणार" म्हणाला तर तिथेच थांबून आधी त्याच्यावर बोलतो.

एकदाच सीटी करून मोकळं होता येत नाही हेही बाबांना आधीच सांगा. एनएलएसटीत तीन वर्षं दरवर्षी केला, नेल्सनमध्ये साडेपाच वर्षांत चार वेळा. पहिल्या वर्षी नसलेली गाठ दुसऱ्या वर्षी येऊ शकते. म्हणून वर्धापनदिनाच्या कॅम्पमध्ये स्वस्तात एकदा काढलेला आणि परत कधी न बघितलेला सीटी मला आवडत नाही. कॅम्प असो की सेंटर, एक प्रश्न विचारा, डाग निघाला तर पुढे कोण बघणार? नाव सांगता आलं पाहिजे. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी हॉस्पिटलं आहेत, एम्स आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, म्हणजे पुढची सोय गावात आहे, फक्त रिपोर्ट हातात घेऊन माणूस तिथवर पोचला पाहिजे.

सीटीत कॅन्सर सोडून इतरही दिसतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चुना, पोखरलेलं फुप्फुस. ओढणाऱ्या माणसाला कॅन्सरइतकाच हृदयाचा धोका असतो, त्यामुळे रिपोर्टमध्ये "कोरोनरी कॅल्सिफिकेशन" शब्द आला तर खाली लिहिलाय म्हणून सोडू नका, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघून घ्या.

आता सिगरेट. एक पेशंट, नॉर्मल रिपोर्ट घेऊन बाहेर पडला आणि मी खिडकीतून बघतोय, रस्ता ओलांडून समोरच्या पानठेल्यावर जाऊन त्याने सिगरेट पेटवली, खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखी. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण चूक माझी होती, मी रिपोर्ट "छान आहे" म्हणून हातात दिला आणि पुढचं बोललोच नाही. तेव्हापासून सीटीची चिठ्ठी आणि सोडण्याचं बोलणं मी एकाच बैठकीत करतो. एनएलएसटीच्याच लोकांचा नंतर हिशेब केला तेव्हा असं निघालं की सात वर्षं सिगरेट सोडलेल्यांना जो फायदा मिळाला तो सीटीच्या फायद्याइतकाच होता, आणि सीटी अधिक पंधरा वर्षं सोडलेली, असं दोन्ही असलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू ३८ टक्के कमी. ब्रिटनमध्ये डॉक्टरांवरच ५० वर्षं चाललेला अभ्यास आहे, २००४ मध्ये छापला, त्यात पन्नाशीत सोडलेल्यांनी साधारण सहा वर्षं आयुष्य परत मिळवलं आणि साठीत सोडलेल्यांनी तीन. बाबा ५८ चे आहेत, म्हणजे अजून चांगली तीन चार वर्षं त्यांच्या पदरात आहेत.

"सोडा" म्हणून कुणी सोडत नाही हे मला माहीत आहे. निकोटिनचं च्युइंगम आणि पॅच मिळतात, व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑनच्या गोळ्या आहेत, त्या डॉक्टरला विचारून घ्यायच्या. सरकारचा मोफत नंबर आहे १८००-११२-३५६, बाबांना बोलायला लाज वाटत असेल तर पहिला फोन तुम्ही लावा. आणि घरात भांडण नको. "तुमच्यामुळे आम्हाला टेन्शन" म्हटलं की माणूस गच्चीवर जाऊन आणखी एक ओढतो.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, पाकीट वीसचं निघालं आणि फुंकायची तपासणी बरी आली तर मी माझ्या स्वतःच्या वडिलांचा केला असता. या महिन्यात करा, घाईने उद्याच करायची गरज नाही.

जायच्या आधी एक काम. २०२१ च्या एप्रिल मे मध्ये अर्ध्या नागपूरने एचआरसीटी काढला होता, बाबांचाही निघाला असेल तर ती सीडी कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली, टीव्हीच्या ड्रॉवरमध्ये कुठेतरी पडली असेल. ती शोधा. कोविडचे डाग बहुतेकांचे नंतर निघून गेले, त्याची चिंता नको. पण नवीन सीटीत एखादा भरीव ठिपका निघाला आणि तो त्या जुन्या सीडीतही तेवढाच असेल, तर इतकी वर्षं जागचा न हललेला ठिपका कॅन्सर असण्याची शक्यता फारच कमी, आणि बाबांच्या तीन तपासण्या आणि तुमच्या सहा महिन्यांच्या झोपा वाचतील. सीडी सापडली नाही तर जिथे काढला होता त्या सेंटरला फोन करा, तारीख आणि नाव सांगा, काही ठिकाणी अजून कॉम्प्युटरवर ठेवलेला असतो. मिळाली की नवीन स्कॅनच्या दिवशी रेडिओलॉजिस्टच्या हातात द्या, रिपोर्ट लिहायच्या आधी, नंतर नाही.